तारपुलाचा एकमेव वापरकर्ता

तेजराम रामटेके यांनी जन्मात एकाच पत्राला उत्तर दिले नाही, आणि नेमके ते शासनाचे होते.

एरवी पत्रांच्या बाबतीत ते फार जपून असत. विमा कंपनीचे छापील शुभेच्छापत्र आले तरी उलट टपाली आभार कळवीत. भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चौतीस वर्षे पुस्तके देण्याघेण्याचे काम करून ते मांडवटोलीला परतले होते आणि विहाराशेजारच्या खोलीत गावाचे वाचनालय सांभाळत होते. बोलण्यापेक्षा लिहिणे बरे आणि लिहिण्यापेक्षा लिहिलेले खोडणे अधिक बरे, असा त्यांचा स्वभाव. गाव त्यांना आबाजी म्हणे आणि अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घेई, कारण त्यांच्या अर्जात चूक नसे. अर्ज वेळेवर पोचत नसे, ही गोष्ट वेगळी.

पत्र होते पूल उपविभागाच्या (लोंबते व तत्सम) कार्यालयाचे. विषय असा: ‘मौजे मांडवटोली येथील वापरात नसलेल्या झुलत्या पुलाच्या एकमेव वापरकर्त्याचे नाव कळविणेबाबत.’ खाली लिहिले होते, की तीस दिवसांत न कळविल्यास योग्य ते गृहीत धरण्यात येईल.

पूल वापरात नव्हता, हे कागदोपत्री खरे होते. इंग्रजांच्या काळी जंगलातला साग बाहेर काढायला कुणा साहेबाने नदीवर दोन जाड तारा ओढून हा पूल टांगला. पुढे नदीच्या खालच्या अंगाला सिमेंटचा पूल झाला. त्यावरून पलीकडे जायचे तर एकोणीस किलोमीटर पडत; पण पूल तो पूल. त्यामुळे जुन्या तारपुलावर पाटी लागली: ‘वापरास सक्त मनाई. वापरल्यास वापरणारा जबाबदार.’ पाटी लावायला आलेले मजूर ती लावून पुलावरूनच पलीकडे गेले, कारण पलीकडेही एक पाटी लावायची होती.

गाव या काठाला आणि गावाची दोनशे एकर धानाची शेती त्या काठाला. करडी गावाला जाणारा रस्ता तिकडे, धानाची गिरणी तिकडे, टपालपेटीही तिकडेच. तेव्हा गाव पाटी वाचून पुलावर चढे. मात्र एक शिस्त होती. पुलावर एका वेळी एकच माणूस. पाय ठेवण्याआधी दगडाने तारेवर दोन ठोके द्यायचे, म्हणजे पलीकडचा थांबतो. पलीकडे उतरल्यावर एक ठोका द्यायचा, म्हणजे दुसऱ्याने निघायचे. ही शिस्त कुणी लिहिली नव्हती, म्हणूनच ती पाळली जात होती.

घोटाळा झाला तो या शिस्तीमुळे.

मागच्या दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत, मनिष नावाचा सर्वेक्षण सहायक टॅबलेट घेऊन आला आणि पुलाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत तीन दिवस बसला. दर पंधरा मिनिटांनी टॅबलेट आपोआप पुलाचा फोटो काढी आणि फोटोत किती माणसे दिसतात ते मोजी. तीन दिवसांत एकशे आठ फोटो निघाले. प्रत्येकात जास्तीत जास्त एक माणूस. डोक्यावर धानाचा भारा असल्यामुळे तोंड कशातच दिसत नव्हते. टॅबलेटने हिशेब केला: वापरकर्ते, एक. मनिष प्रामाणिक होता. त्याने शेरा लिहिला, की सदर वापरकर्ता कधी पुरुष तर कधी स्त्री दिसतो, दोनदा तो सायकलसह व एकदा बकरीसह आढळला. ही बाब तपासून पाहावी. ती तपासण्याचे टेबल दुसरे होते.

जाताना त्याने विचारले, “गावात लिहिण्यावाचण्याचं काम कोण पाहते?” लोकांनी तेजरामांचे नाव सांगितले. पत्र त्यांच्या नावाने आले ते असे.

तेजरामांनी त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला घेतले. ‘सादर’ लिहावे की ‘सविनय’, इथे दोन दिवस गेले. मग खरी अडचण आली. पंचफुला खोब्रागडे वाचनालयात पोती शिवायला दोरा मागायला आली तेव्हा त्यांनी ती तिला सांगितली. पंचफुलाची दोन एकर धानाची जमीन पलीकडे होती, आणि जीभ गावातल्या सगळ्यांपेक्षा धारदार होती.

“नाव एकच मागून राहिले,” तेजराम म्हणाले. “कोणाचं लिहू?”

“माहं लिहा.”

“मग बेबीबाईचं?”

“तिचं बी लिहा.”

“रकाना एकच आहे.”

“मंग रकाना वाढवा ना, आबाजी! पट्टीनं ओढाले का जाते?”

“शासनाच्या कागदावर आपण रकाना कसा वाढवायचा?” तेजरामांचा आवाज बारीक झाला. “आणि खरं म्हणजे मी कोण सांगणारा? मी तर त्या पुलावर कधी...”

हे वाक्य ते नेहमीच अर्धे सोडत. सत्तर वर्षांत त्यांनी तारपूल एकदाही ओलांडला नव्हता. लहानपणी आईने डोळे बांधून एकदा नेले होते, ते त्यांनी मोजले नव्हते. वरच्या फळीवरचे पुस्तक काढायला स्टुलावर चढले तरी त्यांना घेरी येई. म्हणून वाचनालयातले सगळे चांगले ग्रंथ खालच्या फळीवर होते. पलीकडे जायचे तर ते एसटीने एकोणीस किलोमीटर जात आणि टपाल टाकून संध्याकाळी परत येत.

असे तेवीस मसुदे झाले. चोविसावा बरा होता, पण त्यात त्यांना एक स्वल्पविराम खटकला. तोवर एकतिसावा दिवस उजाडला.

दुसरे पत्र वेळेवर आले. ‘आपणाकडून विहित मुदतीत खुलासा न आल्याने सदर पुलाचे एकमेव वापरकर्ते आपणच आहात, असे गृहीत धरण्यात आले आहे. अभिनंदन.’ सोबत गळ्यात घालायचे ओळखपत्र होते. त्यावर मतदार यादीतला, चोर पकडल्यासारखा फोटो. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात सोळा अटी होत्या. त्या साऱ्या जिल्ह्यात फक्त तेजरामांनी वाचल्या असतील.

अट चौदा: वापरकर्ते एकाहून अधिक असल्याचे दोघांच्या सहीने लेखी कळविल्यास पूल वाहतुकीचा समजून दुरुस्त करण्यात येईल व सर्वांस खुला राहील. अट पंधरा: वापरकर्ता स्वतः वापर करीत नसल्याचे आढळल्यास पूल उतरवून घेण्यात येईल.

पंधरावी अट वाचून तेजरामांनी ओळखपत्र उलटे करून खुंटीला टांगले.

पण शासन आता मागे हटणार नव्हते. एकमेव वापरकर्ता आहे म्हटल्यावर त्याची सुरक्षा आली. सुरक्षा आली म्हणून पुलाच्या दोन्ही टोकांना माणूसभर उंचीचे लोखंडी फाटक आले. फाटक आले म्हणून कुलूप, आणि कुलपाची किल्ली हरवू शकते म्हणून अंगठ्याचे यंत्र. यंत्रावर तेजरामांचा अंगठा नोंदवला गेला. अंगठा टेकला की दोन्ही फाटके उघडत, एक माणूस आत जाई आणि पलीकडे उतरला की दोन्ही मिटत. परतणाऱ्याला पलीकडच्या फाटकावरचे बटन दाबावे लागे. मग या काठाचे यंत्र टीं करून अंगठा मागे. ज्या पुलाच्या गंजलेल्या तारेला चाळीस वर्षांत कुणी तेलाचा थेंब लावला नव्हता, त्याच्या दोन टोकांना सोलरवर चालणारी चकचकीत फाटके उभी राहिली. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी भाषणात सांगितले, की शेवटच्या माणसापर्यंत विकास पोचवायचा असतो. इथे तर शेवटचा आणि पहिला माणूस एकच आहे, ही किती सोय.

दुसऱ्या दिवसापासून तेजराम पहाटे पाचला पुलाशी जाऊन बसू लागले. पहिल्या माणसापासून शेवटच्या माणसापर्यंत अंगठा टेकायचा, येताना पुन्हा टेकायचा. वाचनालय बंद पडले. त्यांनी मांडीवर पुस्तक ठेवून पाहिले, पण दर ओळीला कुणीतरी येई.

“आबाजी, अंगठा.”

“हो, हो.”

“आबाजी, बकरी बी आहे. तिचा वेगळा लागते का?”

नदीत जाळे टाकणारा तुलाराम मारबते तर दिवसातून सहा वेळा ये-जा करी. “तुमचा अंगठा म्हणजे काय सांगू, आबाजी,” तो म्हणे, “मंत्र्याच्या सहीले एवढी किंमत नाही.” तेजराम लाजून अंगठा धोतराला पुसत.

महिनाभरात यंत्राने वर नोंदी पाठवल्या. एकाहत्तर वर्षांचा वापरकर्ता दिवसाला सरासरी चारशे बारा वेळा पूल ओलांडतो, हे वाचून उपविभाग भारावला. तेजरामांना ‘आदर्श वापरकर्ता’ म्हणून प्रशस्तिपत्र आले. पाठोपाठ वैद्यकीय सल्लागाराचे पत्र आले, की या वयात एवढे चालणे हृदयाला बरे नाही. सबब वापरकर्त्याच्या प्रकृतीची काळजी म्हणून फाटक यापुढे दिवसातून दोनदाच उघडेल. एकदा जाण्यास व एकदा येण्यास.

ही काळजी लागू झाली त्या दिवशी आषाढ लागला होता.

आता ज्यांचा धानाशी संबंध खाण्यापुरता आहे त्यांना सांगितले पाहिजे, की आषाढात रोवणी असते. पलीकडची जमीन लवकर पाण्याखाली जाते म्हणून गाव आपले परहे, म्हणजे धानाची रोपे, अलीकडे विहिरीजवळ टाकते आणि उपटून, पेंड्या बांधून, डोक्यावरून पलीकडे नेते. रोपे पंचवीस दिवसांची झाली की ती चिखलात लागलीच पाहिजेत. ती कुणाच्या परिपत्रकाची वाट पाहत नाहीत. नदी फुगली होती, तुलारामची डोंगी काठाला उलटी पडली होती, आणि एकोणीस किलोमीटरच्या फेऱ्याने ट्रॅक्टर अर्ध्या पेंड्या वाळवूनच पोचवत होता.

पंचफुलाची रोपे अठ्ठावीस दिवसांची झाली. ती वाचनालयाच्या दारात उभी राहिली.

“आठ दिवसात लागले नाही तर बैलाले चारा होते हा. वर्षभर काय खाऊ मी, तुमचं प्रशस्तिपत्र?”

तेजरामांनी खुंटीवरचे ओळखपत्र काढले, भिंग घेतले आणि तिला चौदावी अट वाचून दाखवली.

“म्हंजे दोन सह्या पाहिजे फक्त?” पंचफुला म्हणाली. “बस?”

“दोनच.”

“तीनशे बारा माणसं आहेत गावात!”

ग्रामसभा भरली. डोमाजी कोरे सरपंच होते. तेजराम उभे राहिले, त्यांनी अट वाचली आणि विचारले, “एक सही माझी. दुसरी कोण करते?”

एकदम शांतता झाली. एवढी, की पंखा बंद असल्याचे लोकांच्या लक्षात आले.

झाले होते असे. तीन वर्षांपूर्वी गावाला ‘धोकामुक्त गाव’ पुरस्कार मिळाला होता. त्यासाठी घरटी लेखी द्यायचे होते, की आम्ही तारपूल वापरत नाही, कधी वापरला नाही आणि वापरणार नाही. सर्वांनी सह्या केल्या होत्या. सह्यांचा कागद नदीपलीकडे कार्यालयात द्यायचा होता. तो डोमाजी स्वतः तारपुलावरून घेऊन गेले होते. पुरस्कारात सौर दिवे मिळाले. त्यांतला एक बरोबर पुलाच्या तोंडाशी लावला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावे म्हणून.

“मुद्दा बरोबर आहे आबाजींचा,” डोमाजी घसा साफ करत म्हणाले. “माहा पूर्ण पाठिंबा आहे. पन मी सरपंच. माही सही आली तर दिवे काढून नेतील.”

“लिहा, लिहा, आबाजी, कडक लिहा,” तुलाराम मागून म्हणाला. “पन माहं नाव नोका टाकू. मासेमारीचा परवाना नवा करायचा आहे.”

“सगळे गावकरी असं लिहून टाका ना,” कुणीतरी सुचवले. “गावकरी म्हनलं का नाव येत नाही आन् वजन बी येते.”

तेजरामांनी पंचफुलाकडे पाहिले. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. त्या कागदावर तिचीही सही होती, आणि एक दिवा तिच्या अंगणासमोर होता. सभेने तेजरामांच्या हिमतीचे एकमताने कौतुक केले आणि ठराव नोंदवला, की कुणीतरी काहीतरी करावे.

पाचव्या दिवशी रश्मी मॅडम आल्या. त्या पूल उपविभागाच्या उपअभियंता. आदर्श वापरकर्त्याचे चालतानाचे छायाचित्र वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापायचे होते. सोबत मनिष होता, कॅमेरा होता, पुष्पगुच्छ होता. पाहायला सारे गाव जमले. रोवणीचे दिवस, त्यामुळे चाळीसएक जण डोक्यावर रोपांच्या पेंड्या घेऊन उभे होते. फाटक उघडेल त्या एका फेरीत आपला नंबर लागतो का, या आशेने.

“या, सर,” मॅडम अदबीने म्हणाल्या. “अगदी नेहमीसारखं चाला. कॅमेऱ्याकडे बघू नका.”

तेजराम फाटकापाशी गेले. फळ्यांच्या फटीतून खाली गढूळ पाणी धावत होते. त्यांनी अंगठा उचलला आणि खाली घेतला.

“मॅडम,” ते म्हणाले, “मी या पुलावर कधीच गेलो नाही.”

मॅडम हसल्या. मग हसायच्या थांबल्या. “मग दिवसाला चारशे बारा नोंदी कोणाच्या?”

“या सगळ्यांच्या.”

मॅडम वळल्या. “तुम्ही हा पूल वापरता?”

चाळीस पेंड्या डावी-उजवीकडे हलल्या. “नाही, मॅडम.”

“कधीच?”

“आमचं गाव धोकामुक्त आहे,” डोमाजी म्हणाले.

“मग डोक्यावर हे काय आहे?”

“परहे होत ना मॅडम,” तुलाराम म्हणाला. “हवा खायाले आनले.”

मॅडमनी वही उघडली. त्यांचा आवाज कठोर नव्हता. उलट, थोडा दुःखीच होता. “म्हणजे वापरकर्ता वापरत नाही आणि वापरणारे वापरकर्ते नाहीत. शून्य झालं. अट पंधरा. उद्या मजूर येतील, तारा उतरवतील. मला वाईट वाटतं, सर, पण शून्याला मी काय करू?”

“आणि अट चौदा?” तेजरामांनी विचारले. “दोन सह्यांचं पत्र दिलं तर?”

“तर दुरुस्ती करावीच लागेल. पण त्यावर आजच्या तारखेचा टपालाचा शिक्का लागेल.”

“तुम्ही इथेच आहात. हातात देतो.”

“हातात घेता येत नाही, सर. आवक टपालानेच.” त्यांनी पलीकडे बोट केले. करडीच्या रस्त्याला लाल पेटी दिसत होती. “बाराला पेटी उघडतात. आता साडेअकरा झालेत.”

एसटीने एकोणीस किलोमीटर अर्ध्या तासात होत नाहीत, हे तेजरामांना इतक्या वर्षांच्या अनुभवाने माहीत होते.

त्यांनी खिशातून कागद काढला. मसुदा न करता, पुष्पगुच्छ आणलेल्या खोक्यावर ठेवून ते लिहू लागले. ‘संदर्भ: आपले पहिले पत्र. उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. सदर पुलाचे वापरकर्ते एकाहून अधिक आहेत.’ त्यांनी ‘सादर’ही लिहिले नाही आणि ‘सविनय’ही नाही. खाली सही केली. शेजारी दुसऱ्या सहीची जागा सोडली आणि वर पाहिले.

चाळीस जण आकाशाकडे पाहू लागले. पाऊस केव्हा येईल याचा एवढा बारीक अभ्यास त्या गावात त्याआधी झाला नव्हता.

पंचफुलाने डोक्यावरची पेंडी धाडकन खाली टाकली.

“आना तो कागद.”

“पंचफुला, तुझ्या दारचा दिवा नेतील,” डोमाजी हळूच म्हणाले.

“नेऊ द्या! उजेडात काय उपाशी बसू मी?” तिने पेन मुठीत धरून, जीभ बाहेर काढून, पूर्ण नाव लिहिले. आडनावही. मग पाटाएवढा दगड उचलला आणि तारेवर दोन ठोके दिले, असे, की मनिषच्या हातचा कॅमेरा दचकला. “जा आता, आबाजी. खाली नोका पाहू. त्या पलीकडच्या मोहाच्या झाडाकडे पाहत जा. आन् चालता चालता थांबून खोडाखोड नोका करू.”

तेजरामांनी अंगठा टेकला. फाटक उघडले. पहिल्या फळीवर पाय ठेवला तेव्हा पूल हलला आणि ते म्हणाले, “माफ करा.” पुलालाच. मध्यावर वारा होता आणि पत्र फडफडत होते. त्यांनी ते दातांत धरले आणि दोन्ही हातांनी तार. मोहाचे झाड जवळ येत नव्हते, पण लहानही होत नव्हते. मागे कॅमेरा खटखट वाजत होता. मग एकदम पायाखाली माती आली. त्यांना तिचा एवढा आनंद झाला, की एक ठोका द्यायचे ते विसरले आणि आठवल्यावर दोन देऊन बसले.

पेटीजवळ गेल्यावर सवयीने त्यांनी पत्र पुन्हा वाचले. दुसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम हवा होता. अजून बारा मिनिटे होती. घरी नेऊन नीट लिहिता आले असते.

तेवढ्यात पलीकडून हाका आल्या. सारे गाव तोंडाशी हात धरून ओरडत होते.

“टाका, आबाजी! टाका! शाब्बास!”

आणि मागोमाग डोमाजींचा आवाज, चांगला खणखणीत: “आमचं नाव त नाही ना टाकलं?”

तेजरामांनी पेन काढले. पत्र पेटीच्या डोक्यावर ठेवून, शासकीय पत्राच्या अगदी तळाशी लिहितात तशी एक ओळ त्यांनी सावकाश, खाडाखोड न करता लिहिली:

‘प्रत माहितीसाठी: हे वाचून मान डोलावणारे आणि आपले नाव त्यात नाही ना, एवढे पाहून घेणारे सर्व सुज्ञ.’

मग त्यांनी पत्र पेटीत टाकले.